राबाच्या धुराआड

मी बिडी सोडली, ती गाव समजतं त्याच्यानंतर सहा वर्षांनी. हे वाक्य आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढं मला मागं सरकायला जागा राहणार नाही.

वैशाखऱ्यापासून खाली मुरबाडच्या वाटेवरच्या दोन-चार गावांत माझा विषय निघाला की लोक अजून म्हणतात, "तो? त्यानं एका दिवसात सोडली. देवीपुढं बंडल ठेवलं न् वळून बघितलं नाय." बायका नवऱ्यांना घेऊन माझ्याकडं यायच्या. मी त्यांना ओट्यावर बसवायचो आणि सांगायचो, मन घट्ट करायचं, पाणी पीत राहायचं, पहिले आठ दिवस जड जातात, मग काही नाही. आठ दिवस जड जातात हे मी कुणाच्या तरी तोंडून ऐकलं होतं. त्यातला एकही दिवस मला स्वतःला ठाऊक नव्हता.

नावं घालत नाही. यातली काही माणसं अजून हयात आहेत, आणि जी नाहीत त्यांना मी आधीच पुरेसा त्रास दिला आहे.

नव्वदीच्या दशकातली मधली वर्षं. आम्ही दोघं भाऊ एकाच घरात राहत होतो. दादा शेती बघायचा. मी मुरबाडला गवताच्या वखारीत होतो. दिवाळी झाली की डोंगरउतारावरचं गवत कापून वखारीत यायचं, तिथं दाबून त्याच्या गाठी बांधायच्या आणि त्या ट्रकनं मुंबईच्या तबेल्यांना जायच्या. गाठी मोजायच्या आणि चिठ्ठी लिहायची हे माझं काम. वखारीत आग म्हणजे सर्वनाश, म्हणून फाटकावर एक पत्र्याचा डबा होता. आत शिरताना प्रत्येकानं बिडी-काडी त्यात टाकायची, जेवणाच्या सुट्टीत बाहेर येऊन ओढायची, परत टाकायची. त्या डब्याला मी इथं आणतोय ते उगाच नाही. माझी बिडी पुढं कित्येक वर्षं त्या डब्यात राहिली. घरी कधीच आली नाही. निदान सुरुवातीला तरी.

त्या वर्षी भाताची झोडणी चालू असतानाच दादाच्या खोकल्यातून रक्त पडलं. तालुक्याच्या दवाखान्यात छातीचा फोटो काढला. क्षय निघाला. डॉक्टर तरुण होते, सावकाश बोलणारे. म्हणाले, "गोळ्या महिनोन्‌महिने चालतील, एक दिवस चुकवायचा नाही. आणि बिडी आजपासून बंद. घरात आणखी कोण ओढतं?"

वहिनीनं माझ्याकडं बोट केलं. "हे भाऊजी."

"मग यांनीही सोडायची. एकट्याला जड जातं. बरोबर कुणी असलं की माणूस टिकतो."

बाहेर आल्यावर वहिनी म्हणाली, "दोघांनी एकदम सोडा. देवीपुढं ठेवू. घरात धूरच नको." दादा हसला. "हा धाकटा सोडंल कं? ह्याला बिडीबिगर परसाकडं होत नाय."

गावाच्या शिवेवर गावदेवीचा शेंदूर लावलेला दगड आहे. तिथं नारळ फोडला. दादानं खिशातलं अर्धं उरलेलं बंडल दगडापाशी ठेवलं. ते ठेवताना त्यातली एक बिडी बाहेर घरंगळली, ती त्यानं उचलून परत आत सारली. मी अख्खं नवं बंडल ठेवलं. लोकांना तेच आठवतं. नवं बंडल ठेवायला मला काहीच जड गेलं नव्हतं, कारण दुसरं फाटकावरच्या डब्यात होतं.

तेव्हा मी खोटं बोलायचं ठरवलं नव्हतं. मला वाटलं होतं, हळूहळू कमी करू, दादाला कशाला सांगायचं. दुपारी दोन, सुटताना एक. मग पेरूची पानं चघळायची, तोंड धुवायचं. कपड्यांना गवताचा वास इतका असायचा की दुसरा कुठला वास वर येत नसे. बायकोला मात्र कळलं होतं. ती एकदाच म्हणाली, "मला कुणापुढं शपथ घ्यायला लावू नका." त्यानंतर तिनं तो विषय काढला नाही, आणि तिचं न काढणं मी माझ्या सोयीचं मानलं.

दादा मात्र खरंच सोडत होता. ते बघणं वाईट होतं. दिवसा शेतात, गुरांमागं कसं तरी निभायचं. संध्याकाळी जेवण झालं की त्याचे हात बिनकामाचे व्हायचे. तो खिसा चाचपायचा, कानामागं बोट न्यायचा, उठायचा, परत बसायचा. एकदा आमटी खारट झाली म्हणून ताट भिंतीवर मारलं आणि मग स्वतःच भात वेचत बसला. मला म्हणायचा, "तुला कसं जमलं रे? तुझं हात नाय शिवशिवत?"

"मन घट्ट करायचं, दादा."

"व्हय," तो म्हणायचा. "तुझं हाय घट्ट. लहानपणापासनं." आणि खरोखर मान हलवायचा. कुणी आलं की सांगायचा, "धाकट्यानं सोडली, मग मी थोरला कं मागं राहू?"

त्याला खरा आधार दिला तो त्याच्या जोडीदारानं. हा वरच्या पाड्यावरचा. दादाच्याच वयाचा. लावणीला तो आमच्या शेतात आणि दादा त्याच्या शेतात, अशी दोन घरांची सावड त्यांच्या बापांपासून चालत आलेली. त्यालाही मी दादाच म्हणायचो, पण इथं गोंधळ नको म्हणून जोडीदारच म्हणतो. दादाची हकीकत कळल्यावर त्यानं बिडी टाकली. नारळ नाही, देवी नाही, कुणाला सांगितलंही नाही. दादानंच एक दिवस विचारलं, "तुझी बिडी कुटं रं?"

"दात दुकतो," तो म्हणाला. दात दुखतो म्हणून त्यानं पुढं जन्मभर ओढली नाही.

रोज दिवेलागणीला तो पाड्यावरून उतरून यायचा. येताना घायपाताचा वाख, म्हणजे त्या काटेरी पानांतून काढलेल्या धाग्यांची भारी, खांद्यावर टाकून आणायचा, आणि कमरेला लाकडाची फिरकी. दोर वळायला दोन माणसं लागतात. एकानं बसून वाखाचे धागे बेतानं सोडत राहायचं, दुसऱ्यानं दुसऱ्या टोकाला फिरकी फिरवत एकेक पाऊल मागं जायचं. धागे सोडणाऱ्याचे दोन्ही हात गुंतलेले असतात. खिशाकडं न्यायला एकही मोकळा राहत नाही. दादाला दम नव्हता, म्हणून तो ओट्यावर बसून वाख सोडायचा आणि जोडीदार अंगणभर मागं मागं जात फणसापर्यंत पोचायचा. मध्ये दहा-बारा पावलांचं अंतर. त्या अंतरावरून दोघांचं बोलणं चालायचं.

"जाड सोडतोस गड्या. बैल बांधायचा कं हत्ती?"

"तुझ्या सासऱ्याला बांधायला."

"त्याला सुतळी बी पुरं. आता वाऱ्यानं बी उडंल, येवढा वाळलाय."

वहिनी आत भांडी घासता घासता हसायची. तासाभरानं दादाची तलफ निघून गेलेली असायची. त्या हिवाळ्यात आमच्या गोठ्यात इतके कासरे आणि दावी झाली की वहिनीनं ती माहेरी खर्डीपर्यंत वाटली. दादाचं वजन वाढलं. दुसऱ्या फोटोत डॉक्टरांनी पांढरा डाग लहान झालेला दाखवला. मला म्हणाले, "तुमच्यासारखा भाऊ पाहिजे." मी हो म्हणालो.

मग उन्हाळा आला आणि राबाचे दिवस.

पावसाच्या आधी रोपाच्या तुकड्यावर शेण, टाहाळ्या, पातेरा, गवत असे थर घालायचे, वर माती भुरभुरायची आणि पेटवायचं. ज्वाळा उठू द्यायच्या नाहीत, नुसतं धुमसत ठेवायचं. तो राब. जमीन भाजली की तण मरतं, रोप जोमानं येतं. त्या दिवसांत अख्खा मुलूख धुरात असतो. केसांना धूर, भाकरीला धूर, तान्ह्याच्या दुपट्याला धूर. तेवढे दिवस मला मोकळे वाटायचे. पेरूची पानं नकोत, तोंड धुणं नको. बिडीचा वास राबाच्या वासात मिसळला की कुणाच्या बापाला कळणार नव्हतं. म्हणून त्या वर्षी फाटकावरच्या डब्यातली बिडी पहिल्यांदा घराकडं आली. दादाला धुराजवळ जायची मनाई, तेव्हा राब मीच भाजणार होतो. वखारीतून सुट्टी घेतली होती. सगळ्यांना वाटलं, भावासाठी.

सकाळी वारा पडलेला बघून वरचा तुकडा पेटवला. वहिनी आणि माझी बायको शेजारच्या गावात हळदीला गेल्या होत्या. त्यामुळं पेज घेऊन यायला घरात दादाच होता. ते माझ्या डोक्यात यायला हवं होतं. आलं नाही.

तो धुरातून आला. तोंडाला पंचा बांधलेला, हातात पेजेचा डबा. मी बांधावर बसून ओढत होतो. तो समोर येईपर्यंत मला दिसला नाही आणि त्यालाही मी दिसलो नसणार. मग दिसलो.

त्यानं डबा खाली ठेवला. पंचा सोडला.

"म्हंजे तू सोडलीच नाय."

"आज पयलीच रे, दादा. एकटा व्हतो, हात—"

माझ्या पायाशी थोटकं पडली होती. पाच की सहा. सगळी त्या सकाळची. त्यानं ती बघितली, आणि तो बघतोय हे मी बघितलं.

"पाच महिनं," तो म्हणाला. "पाच महिनं मी तुझ्याकडं बघून काडलं."

त्यानं मला मारलं असतं तर बरं झालं असतं. तो थोरला होता, त्याचा हक्क होता. तो माझ्या शेजारी बांधावर बसला. मग हात पुढं केला आणि म्हणाला, "दे."

मी नाही म्हणू शकलो असतो. उरलेलं बंडल राबात टाकू शकलो असतो, राब समोरच होता. मी खिशातून नवी बिडी काढली, धुमसणाऱ्या टाहाळीला लावून पेटवली, एक झुरका मारून ती नीट पेटली आहे ना बघितलं आणि त्याच्या हातात दिली. लहानपणी तो मला ऊस सोलून द्यायचा, तशी.

का दिली, तेही लिहितो. यानं ओढली तर हा कुणाला सांगणार नाही, एवढंच माझ्या मनात होतं. त्याच्या छातीचा विचार आला नाही असं नाही. आला, आणि मी तो बाजूला सारला.

त्या दिवशी तो इतका खोकला की संध्याकाळी वहिनी त्याच्यावर ओरडली, "राबात कशाला मेलं जायला पायजे व्हतं? पेज नाय पोचली तर भाऊजी काय मरनार व्हते कं?"

दुसऱ्या दिवशी मी कामावर निघालो तर दादा अंगणाच्या तोंडाशी उभा. हळूच म्हणाला, "येताना दोन आण."

दोनाच्या पुढं चार झाल्या. कागदाच्या पुडीत आणायचो, गोठ्यात त्याच्या हातात द्यायचो. जोडीदार अजून रोज यायचा, दोर वळणं चालूच होतं, फक्त आता दादा मधेच उठून गोठ्यामागं जायचा. "बैलाला पानी दावतो," म्हणायचा. जोडीदारानं एकदा विचारलं, "बैल लय पितो रं तुझा हल्ली?" दादा हसला नाही.

पुड्या दादा कुठं ठेवायचा ते मला माहीत नव्हतं. श्रावणात, पावसाची झड आठ दिवस चालल्यावर ओट्यावर टांगलेला वाख ओला झाला. वहिनीनं चुलीच्या वर सुकत घालायला भारी सोडली, तर तिच्यातून बिड्या पडल्या. सात-आठ. दादानं त्या वाखात दडवल्या होत्या. आणि वाख रोज पाड्यावरून यायचा.

गैरसमज कुणाचाही झाला असता असा होता. वहिनी शेतातली, सरळ डोक्याची बाई. बिड्या वाखात, वाख जोडीदाराच्या खांद्यावर, दादा शेतापलीकडं कुठं जात नाही, आणि घरातल्या दुसऱ्या पुरुषानं तर देवीपुढं अख्खं बंडल ठेवलेलं. तिच्या मनात दुसरं येणारच कसं?

जोडीदार आला तेव्हा दिवा लागला होता. मी नुकताच कामावरून येऊन पाय धूत होतो. वहिनीनं बिड्या त्याच्या पायाशी टाकल्या.

"ह्या आनतोस कं तू? रोज येतोस त्यो ह्याच्यासाठी?"

त्या घरात आल्यापासून ती त्याला भाऊ म्हणत होती. त्या दिवशी पहिल्यांदा अरे-तुरे केलं.

"वैनी, म्या नाय आनल्या."

"मग तुझ्या वाखात काय आभाळातून पडल्या? माज्या कुंकवावर उठलास तू. औशिद मी देते, न् तू संध्याकाळचा इख घालून जातोस."

त्यानं दादाकडं बघितलं. दादा ओट्यावर मान खाली घालून बसला होता. मग त्यानं माझ्याकडं बघितलं. संशयानं नाही. घरातला दुसरा कर्ता माणूस काहीतरी बोलेल, म्हणून बघितलं असावं. माझ्या हातात तांब्या होता. मी दुसऱ्या पायावर पाणी ओतलं.

"उंबऱ्यात येऊ नको परत," वहिनी म्हणाली.

तो गेला. त्याची फिरकी आमच्या अंगणातच राहिली.

नंतर दादा गोठ्यात मला म्हणाला, "तू का नाय बोललास?"

"तू का नाय बोललास?"

"मी दुखनाईत मानूस रे," तो म्हणाला. मग म्हणाला, "उद्या पाड्यावर जा. त्याला घेऊन ये. मी सांगतो त्याला काय ते. हिला बी सांगतो." पाड्याची चढण आता त्याच्यानं होत नव्हती, म्हणून मला पाठवत होता.

मी गेलो नाही. दादा तोंड उघडणार म्हणजे माझं सगळं उघडं पडणार. दोन दिवसांनी त्यानं विचारलं तेव्हा म्हणालो, "गेलो व्हतो. तो म्हनला, मी येनार नाय. म्हनला, आता आपला संबंध सपला."

बिडी दिली त्याच्यापेक्षा हे वाईट. बिडी त्यानं मागितली होती. हे वाक्य मला कुणी मागितलं नव्हतं.

दादानं दुसऱ्यांदा विचारलं नाही. काही दिवस तो संध्याकाळी फिरकी घेऊन बसायचा. वाखाचं एक टोक गोठ्याच्या मेढीला, म्हणजे खांबाला, बांधायचा आणि दुसऱ्या टोकाला एकटाच फिरवायचा. एकट्यानं होत नाही. धागे सोडायला कुणी नसलं की दोर एका जागी गाठीगाठीचा होतो आणि पुढं तुटतो. मग तेही थांबलं. गोळ्या चुकायला लागल्या, पुढं बंद झाल्या. बिडी मात्र उघड्यावर आली. वहिनीनं शिव्या दिल्या, रडली, पाया पडली. पुढल्या वर्षी भाद्रपदात, भातं पोटरीत असताना, दादा गेला. तेव्हा तो उचलायला दोन माणसंही जास्त झाली असती.

तिरडीसाठी बांबू बघायला लोक निघाले, तर पाड्याच्या वाटेवर दोन हिरवे बांबू नीट साळून ठेवलेले मिळाले. कुणी तोडले कुणी विचारलं नाही. आम्ही नदीवर पोचलो तेव्हा पलीकडच्या बांधावर जोडीदार उभा होता. शेवटपर्यंत उभा होता. शहापूरहून आलेल्या दादाच्या लेकीनं विचारलं, "तो काका इकडं का नाय येत?" मी म्हणालो, "पाणी जास्ती आहे." पाणी गुडघ्याला होतं.

त्यानंतर वहिनी लेकीकडं शहापूरला राहायला गेली. मी बिडी ओढत राहिलो. आणि लोक माझ्याकडं येत राहिले, कारण आता माझी गोष्ट आणखी वजनदार झाली होती: थोरल्यानं परत धरली, मेला, धाकट्यानं सोडली, जगला. असं ओट्यावर बसून माझ्या तोंडावर बोलायचे. त्यातल्या दोघा-तिघांनी माझं ऐकून खरोखर सोडली. ते भेटले की हात जोडायचे.

मलाही खोकला लागला होता. दादा गेल्यानंतरच्या चार वर्षांत मी तीनदा खरंच सोडायचा प्रयत्न केला. एकदा चार दिवस, एकदा नऊ, एकदा दोनच. तेव्हा मला कळलं की मी स्वतःसाठी काय करून ठेवलंय. कुणाला सांगणार? चौथ्या दिवशी हात शिवशिवतात, डोकं फुटतं, बायको-पोरांवर वसकन जावंसं वाटतं, कुणीतरी जवळ बसावं असं वाटतं. पण मी तर सोडलेला माणूस. सोडलेल्याला सोडायला कोण मदत करणार?

एक दिवस एक बाई नवऱ्याला घेऊन आली. तिशीतला गडी, वीटभट्टीवरचा. माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ते मन घट्ट वगैरा ऱ्हाऊ द्या. संध्याकाळी जेवल्यावर काय करायचात? तेवढीच येळ सांगा."

माझ्या तोंडातून निघालं, "दोर वळायचो."

"कुनाबरूबर?"

मी उठून आत गेलो. बायकोनं त्यांना चहा दिला आणि वाटेला लावलं.

दुसऱ्या दिवशी मी पाडा चढलो. त्या चढणीला मला तीनदा बसावं लागलं. जोडीदार झापाबाहेर, म्हणजे आपल्या कुडाच्या झोपडीबाहेर होता. म्हातारा झाला होता. दोर वळत होता, त्याची सून वाख सोडत होती. मला बघून तो थांबला नाही. सून आत गेली तेव्हा थांबला.

मी सगळं सांगितलं. राब, पहिली बिडी, पुड्या, वाख. तो जमिनीकडं बघत ऐकत होता. मला वाटलं, एवढंच होतं, संपलं. मग त्यानं विचारलं, "मंग तो काय म्हनला? माज्याबद्दल?"

"तुला बोलवायला सांगितलं होतं. मला पाठवलं होतं."

"बोलवलं व्हतं?"

"हो. मी आलोच नाही. त्याला जाऊन सांगितलं, तूच यायला तयार नाहीस."

त्यानं हातातला दोर खाली ठेवला. म्हणाला, "म्या समजलो, त्यालाच मी नकोसा झालो. म्हनून तो गप ऱ्हायला." आणि मग, "त्याच्यानंतर वरीसभर जित्ता व्हता तो. उतरलो असतो रं मी. वैनीनं दगड मारला असता तरी उतरलो असतो."

मी म्हणालो, "माझी चूक झाली."

"चूक," तो म्हणाला, जणू हा शब्द त्यानं पहिल्यांदा ऐकला. मग विचारलं, "अजून वढतोस?"

"हो."

"सोडायची हाय?"

"जमत नाय एकट्यानं."

"वैनीला सांगितलंस?"

"नाही."

"तिला सांग. मंग ये. वाख धरायला मानूस लागतं मला, सुनेला सैपाक असतो." आणि मी उठताना, "माफी बिफी मागू नको माझ्याकडं. ती माझ्याकडं नाय."

किन्हवलीवरून जाणाऱ्या एसटीनं शहापूरला गेलो. वहिनी सुपात तांदूळ निवडत होती. लेक शाळेत नोकरीला, घरात दुसरं कुणी नव्हतं. तिनं सूप बाजूला ठेवून चहा केला. चहा हातात घेऊन मी बोलायला लागलो आणि तो तसाच गार झाला. तिनं सूप परत मांडीवर घेतलं होतं. ऐकत निवडत राहिली. एकदाच हात थांबला.

"राबातली पयली तुमीच दिली कं, भाऊजी?"

"हो."

"पेटवून?"

"हो."

तिनं एक खडा उचलून दाराबाहेर टाकला. "मी त्या मानसाला उंबऱ्यात येऊ नाय दिलं," ती म्हणाली. "ह्यांना शेवटाला कुनी नको व्हतं. मी नको व्हते, लेक नको व्हती. मेढीकडं बघत पडून ऱ्हायचे. मला वाटायचं, जनावराची काळजी करत्यात." तिचा आवाज चढला नाही. "तुमी म्हनलात एकट्यानं येवढं मनात ठेवलं, लय जड गेलं. मला काय करायचंय त्याचं? चहा प्या न् जा. पाड्यावर मी जाईन. तुमी संगती येऊ नका. न् ह्या घरात परत येऊ नका."

मी चहा प्यालो. ती म्हणाली म्हणून प्यालो.

परत आल्यावर गावदेवीपाशी गेलो नाही. खिशातलं बंडल वखारीच्या फाटकावर रखवालदाराच्या हातात दिलं आणि त्याला म्हटलं, माझी बिडी आतापर्यंत तुझ्या डब्यात होती हे सगळ्यांना सांग. तो म्हणाला, "सगळ्यांना म्हाईतच हाय की. वखारीत कुनाला म्हाईत नाय?" गावापासून दडवलं ते गावातल्या कुणी मुरबाडला विचारलंच नव्हतं.

त्या संध्याकाळपासून पाडा चढायला लागलो. पहिले आठ दिवस जड जात नाहीत. पहिले चाळीस जातात, आणि मधेच एखादा दिवस दोन महिन्यांनीही जातो. मी झापापुढं बसून वाख सोडायचो, जोडीदार फिरकी फिरवत मागं मागं जायचा. दादाशी बोलायचा तसा तो माझ्याशी कधी बोलला नाही. सासऱ्याची थट्टा नाही, हत्ती नाही. "जाड." "बारीक." "आवळ." एवढंच. काही संध्याकाळी तेवढंही नाही. पण एकही संध्याकाळ त्यानं मला परत पाठवलं नाही. ज्या दिवशी वळायला काही नसायचं, त्या दिवशी तो वळलेला जुना दोर उलगडून परत वळायला घ्यायचा. आता कुणी नवऱ्याला घेऊन आलं की मी मन घट्ट करायचं ते वाक्य सांगत नाही. आधी सांगतो की मी खोटा होतो. मग विचारतो, संध्याकाळी याच्याजवळ कोण बसतं?

वहिनी आली ती होळीच्या सुमारास. मी वाख सोडत होतो, जोडीदार दुसऱ्या टोकाला, दहा-बारा पावलांवर. ती खालून चढून आली, धापा टाकत, हातात कापडी पिशवी. माझ्याकडं बघितलं नाही. सरळ त्याच्यापुढं जाऊन उभी राहिली.

"भाऊ."

"वैनी."

तिनं पिशवीतून फिरकी काढली. आमच्या अंगणात राहिलेली, दादानं मेढीला दोर बांधून एकट्यानं फिरवलेली. इतकी वर्षं तिनं ती चुलीत घातली नव्हती. "ह्यांनी तुमाला बोलवलं व्हतं," ती म्हणाली. "निरोप आज पोचला समजा."

त्यानं डाव्या हातातलं काम न सोडता उजव्या हातानं ती घेतली. उलटी-पालटी करून बघितली, मधल्या भोकात बोट घातलं. "झिजलीय," तो म्हणाला. "लय फिरवली त्यानं." मग म्हणाला, "बसा, वैनी."

ती झापाच्या सावलीत बसली, माझ्याकडं पाठ करून. माझ्या हातांना शिवशिव सुटली. इतके दिवस झाले होते तरी सुटली. एक हात खिशाकडं जायला निघाला. खिसा रिकामा होता.

"नीट धर," जोडीदार लांबून म्हणाला. "सैल पडतंय."

मी दोन्ही हात वाखाला लावले. तो परत एकेक पाऊल मागं जायला लागला.